दगडांची गावं

दगड दिसला की आधी जिभेला लावायचा, ही आमच्या प्रोफेसरसाहेबांची रीत. मग तो आमच्या हातात कोंबायचे. "फिर देखो!"

जर्मनीतून जीव वाचवून आलेला हा ज्यू माणूस निजामाच्या राज्यात, आमच्या धाराशिवच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवायचा. शुक्रवारी शाळेला सुट्टी. आम्ही पाच-सहा पोरं पोती घेऊन त्यांच्या मागं, आणि आम्हीही दगड चाटत. माझ्या आईनं एकदा पाहिलं नि मला जंताचं औषध पाजलं.

येरमाळ्याच्या जत्रेत येडाईचे भक्त शेतातून चुनखडीचे पाच खडे वेचतात. साहेबांनी अर्धं पोतं वेचलं. शेजारची म्हातारी हळहळली, "लई मोठा नवस दिसतोय बाई ह्या सायबाचा!" साहेबांनी हात जोडून तिच्याही ओंजळीतला एक मागून घेतला.

प्रत्येक दगडावर ते शाईनं नंबर घालायचे आणि वहीत गाव लिहायचे. पाच वर्षांचं काम. ह्याचं पुस्तक करायचं, एवढीच त्यांची जगात इच्छा उरली होती.

मग लढाई पेटली. जर्मनांना धरतायत, अशी बातमी आली. साहेब सोनारीला गेलेले. आमची अक्कल बघा! पोलिसांना हे नंबर म्हणजे दुश्मनाचा नकाशा वाटणार, म्हणून आम्ही वही बंबात घातली आणि सगळे दगड राखेनं घासले. भांड्यांसारखे लख्ख!

दुसऱ्या दिवशी साहेब परतले, नि त्यांच्या मागोमाग पोलीस जमादार आला. दगडांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "बिस्तरा बांधा सायेब. तासाभरात निघायचंय."

"तिकडं जर्मन नाही म्हणून हाकललं," साहेब हसले, "इकडं जर्मन म्हणून धरता?"

तेवढ्यात त्यांना दगड दिसले. आम्ही रडत सगळं सांगितलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते दगडांपाशी खाली बसले. मग एक दगड उलटापालटा करून म्हणाले, "तेर. लिख."

ते सांगतील ते गाव मी दगडावर लिहीत गेलो. बिस्तरा तसाच राहिला. जमादारानं दौत धरली, नि जरा वेळानं त्यालाही राहवेना. "ह्यो आमच्या ढोकीचा असंल, सायेब."

"फिर देखो!" साहेब त्याच्यावर खेकसले.

तास संपला तेव्हा एकेचाळीस दगड झाले होते.

साहेब परत आले नाहीत. उरलेली तीन पोती माझ्याकडं आहेत. कुणी विचारलं, कुठले हो हे दगड, तर मला सांगता येत नाही. त्यांची गावं मी माझ्या हातानं पुसली.