मी नंबर सांगितला नाही

"तू भरतभाई है क्या?"

बँकेतल्या साहेबाने हे मोठ्याने विचारलं. काउंटरपुढची सगळी रांग हसली. एका म्हाताऱ्याला तर हसता हसता ठसका लागला. साहेबाच्या टेबलावर काच होती आणि काचेवर माझं कार्ड पडलं होतं. त्याने ते हातात धरलं नव्हतं. पेनच्या टोकाने माझ्याकडे ढकललं होतं, ताटातलं झुरळ बाजूला सारावं तसं.

मी म्हटलं, "साहेब, माझं कार्ड आहे. मशीन घेत नाही म्हणून आत आले."

"पढ़ के बता. क्या नाम लिखा है?"

अक्षरं इंग्रजी होती. मी अमळनेरकडची, सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली. मराठी पेपर वाचते, सही करते. पण ती अक्षरं मला येत नव्हती. तीन आठवडे ते कार्ड मी घरात बुद्धाच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. कुणा परक्या माणसाचं नाव मी रोज अगरबत्ती लावून जपत होते.

"भरतभाई लिखा है," साहेब म्हणाला. "दो महीने पहले इसका कार्ड गुम हुआ, इसने बंद करवाया. तेरे पास कैसे आया?"

आता कुणी हसत नव्हतं. दारातला बंदूकवाला वॉचमन दोन पावलं आत सरकला. मी त्याच्याकडे बघितलं, मग साहेबाकडे. माझे पैसे कुठे गेले ते विचारायला मी आले होते आणि चोर म्हणून उभी होते.

हे पैसे कसले, ते सांगते.

पोरींचा बाप सुरतेला पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता. कपडा रंगवायच्या मशीनचं झाकण उडालं, उकळतं पाणी अंगावर आलं. चार दिवस दवाखान्यात काढले, पाचव्या दिवशी गेला. मिलने कागदावर सह्या घेतल्या, बँकेत माझ्या नावाचं खातं उघडलं, त्यात पैसे टाकले. मला घडीखात्यात साड्यांचे दोरे कापायला लावलं. आणि सांगितलं, मिलची खोली दिवाळीपर्यंत खाली कर. दोन पोरी घेऊन जायचं कुठे? वस्तीत एक खोली बघून ठेवली होती. मालकाला शब्द दिला होता. ते पैसे म्हणजे ती खोली. दुसरं काही नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पैसे देणारी मशीनं तेव्हा सुरतेत नवी नवी आली होती. मिलच्या कायम कामगारांना कार्डं मिळाली, मलाही मिळालं. बँकेतला पोऱ्या म्हणाला, नंबर मशीनवर बदलून घ्या, लक्षात राहील असा ठेवा.

लक्षात राहील असा. मी वस्तीतल्या लीलामावशीला विचारलं. तिचा नवरा त्याच मिलमध्ये, त्याचं कार्ड तीच वापरायची. ती म्हणाली, "एक चार शून्य चार. हाऊ नंबर कोन इसरस वं?"

चौदा एप्रिल, कोण विसरेल? आमच्या वस्तीत दिवाळीला चार पणत्या लागतात की नाही माहीत नाही, पण चौदा एप्रिलला पोरांना नवे कपडे आल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी आम्ही माणसासारखे रस्त्यावरून चालतो, मधोमध चालतो. तीच तारीख. मी तो नंबर मशीनवर दाबला तेव्हा छाती भरून आली. बापजन्मात बँकेची पायरी न चढलेली आमची माणसं, आणि बँकेच्या पोटात आमची तारीख. नंतर कळलं, निम्म्या वस्तीचा तोच नंबर होता. लीलामावशीने मला सुचवला तेवढंच, बाकी कुणी कुणाला सांगितला नव्हता. ज्याने त्याने आपल्या अभिमानाने ठेवला होता. आम्हाला त्याचं हसू यायचं. गुपित होतं आणि सगळ्यांचं एकच होतं.

आता हसमुखभाई. मिलचा टाइमकीपर. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, तोंडात साखर. नवरा गेल्यावर ऑफिसातलं माझ्याशी कुणी नीट बोलत नव्हतं, हा बोलायचा. "बेन, मूंझाशो नहीं," म्हणायचा, घाबरू नका. बँकेत खातं उघडताना ओळख देणारा माणूस लागतो, त्या जागी त्यानेच सही केली. मी त्याला भाऊ म्हणत होते. राग येतो तो त्याचाच.

बँकेतल्या त्या दिवसाच्या तीन आठवडे आधी, दुपारी पाळी बदलताना मी मशीनवर गेले होते. पोरीची फी भरायची होती. मागे चार माणसं उभी. मशीनवर सगळं इंग्रजी. कार्ड घातलं, बाहेर आलं. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. मागचे चुकचुकायला लागले. आणि रांगेतून हसमुखभाई पुढे आला.

"लावो बेन. ऊंधुं नाखो छो."

द्या इकडे, उलटं घालताय म्हणाला. त्याने कार्ड शर्टाला पुसलं, आत घातलं आणि मागे सरकला. तोंडसुद्धा फिरवलं.

"नंबर तमे जाते नाखो. हुं नथी जोतो."

नंबर तुम्हीच टाका म्हणे, मी बघत नाही. मी पदर आडवा धरला आणि नंबर दाबला. मनात म्हटलं, किती सरळ माणूस, बघतही नाही. पैसे आले. कार्ड बाहेर आलं, ते त्याने काढलं, पुन्हा शर्टाला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं. दोन्ही हातांनी.

तिथून पुढे बँकेचा तो दिवस. खोलीच्या मालकाला पैसे द्यायचे म्हणून मशीनवर गेले, मशीनने कार्ड तीनदा परत फेकलं. मी आत गेले. आधी पासबुक भरून घेतलं. एकेका दिवसाआड पैसे काढलेले. तळाला उरलं होतं त्यात पोरींचे बूट आले असते.

साहेबाला मी हे सगळं सांगितलं. हसमुखभाईने कार्ड हातात घेतलं होतं, तेही सांगितलं. साहेबाने फोन उचलला, मिलमध्ये लावला. मला म्हणाला, "तेरी पहचान देनेवाला आएगा, तब देखते हैं. उधर खड़ी रह."

बाजूला बाक होता, रिकामा. मी त्यावर टेकले तर साहेब म्हणाला, "खड़ी रह बोला ना."

मी उभी राहिले. अर्धा तास. वॉचमन माझ्याकडे बघत होता, बायका पर्स छातीशी धरून माझ्या बाजूने जात होत्या. त्या अर्ध्या तासात मला पोरींचा बाप आठवला नाही, खोली आठवली नाही. एकच डोक्यात होतं, पोलीस आले तर शाळेतून पोरींना कोण आणील.

हसमुखभाई आला तो हसतच आला. साहेबाने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मी उभीच.

"जवा दो ने साहेब," तो म्हणाला. "गरीब बाई छे." जाऊ द्या म्हणे. माझ्यावर उपकार करत होता.

साहेब म्हणाला, "नंबर किसी को बताया होगा. बिना नंबर के पैसा नहीं निकलता. किसको बताया?"

"कुणालाच नाही."

"झूठ मत बोल."

"पोरींच्या शपथेवर सांगते. कुणालाही नाही."

तेव्हा हसमुखभाईने चहाचा घोट घेतला आणि साहेबाला डोळा मारून म्हणाला, "साहेब, कहेवानी जरूर ज क्यां छे? आ लोकोनो तो एक ज नंबर होय. चौद एप्रिल."

सांगायची गरजच काय, या लोकांचा एकच तर नंबर असतो.

साहेब खदखदून हसला. आ लोको. मी गेली बारा वर्षं सुरतेत हा शब्द ऐकत होते. पाणी प्यायला वेगळा ग्लास देताना, खोली भाड्याने नाही म्हणताना. पण त्या दिवशी तो शब्द कानात शिरला आणि तिथेच थांबला. अंगाची लाही झाली. आमच्या छातीतली तारीख या माणसाच्या दातांत होती, बडीशेपेसारखी. म्हणूनच त्याने तोंड फिरवलं होतं. बघायची त्याला गरजच नव्हती.

आणि मग दुसरं कळलं. साहेबाने नंबर विचारला नव्हता. मी सांगितला नव्हता. बोलला कोण?

मी टेबलाजवळ गेले. पहिल्यांदा आवाज चढवला.

"साहेब, माझा नंबर आत्ता कोणी सांगितला?"

साहेब हसता हसता थांबला.

"मी सांगितला का? तुम्ही सांगितला का? माझा नंबर काय आहे ते या खोलीत यांनाच माहीत आहे. आणि माझं कार्ड शेवटचं यांच्याच हातात होतं. लिहून घ्या."

हसमुखभाईचा कप बशीवर वाजला. "मजाक करुं छुं, बेन."

"मी नाही करत."

साहेबाने त्याच्याकडे बघितलं. एक क्षण. त्याला कळलं होतं, मी शपथेवर सांगते, त्याला कळलं होतं. पण खुर्ची त्याने ज्याला दिली होती त्याच्याच बाजूने तो राहिला. खणातून कागद काढला, इंग्रजीत चार ओळी टाइप करून आणायला लावल्या आणि शाईचं पॅड माझ्यापुढे सरकवलं.

"अंगूठा लगा. भरतभाई के कार्ड का केस नहीं करेंगे. घर जा."

"काय लिहिलंय?"

"तेरे फायदे का है."

पाणी देणारा शिपाई धुळ्याकडचा होता, त्याच्या बोलण्यावरून मला ओळखू आलं होतं. मी त्याला म्हटलं, "दादा, वाचून दाखवा." त्याने साहेबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागद उचलला. नोकरी जाईल की राहील याचा विचार त्याने केला असणार. तरी वाचलं. हळू, मराठीत करून वाचलं. "मी माझा गुप्त नंबर स्वतःहून दुसऱ्याला सांगितला. झालेल्या नुकसानीला मीच जबाबदार आहे. माझी बँकेविरुद्ध तक्रार नाही."

याला ते माझा फायदा म्हणत होते. पोरींच्या बापाच्या वेळी मिलनेही असाच कागद पुढे केला होता. तेव्हा मी रडत होते, न वाचता सही केली होती. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

मी पॅड बंद केलं. "मी नंबर सांगितला नाही. मी सांगितला असं लिहिणार नाही."

"पोलीस बुलाऊँ?"

मी पॅड त्याच्याकडे परत सरकवलं. "बोलवा. मलाही त्यांना सांगायचंच आहे."

हसमुखभाई उठला. "मने मोडुं थाय छे," म्हणाला, उशीर होतोय. निम्मा चहा टाकून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. वॉचमन त्याच्यासाठी दार उघडून उभा राहिला.

मी शिपायाकडून एक कोरा कागद मागितला. टेबलाच्या कडेला उभं राहून मराठीत लिहिलं. कुठल्या दिवशी मशीनवर गेले. कार्ड कोणाच्या हातात गेलं. कोणाच्या नावाचं परत आलं. आणि नंबर या टेबलावर कोणाच्या तोंडून निघाला. खाली सही केली, पूर्ण नावाची.

"मराठी इधर नहीं चलता."

"मग यावरच लिहून द्या, चालत नाही म्हणून. शिक्का मारा आणि एक प्रत मला द्या. त्याशिवाय मी हलत नाही."

बँक बंद व्हायची वेळ झाली. रांग गेली. शटर अर्धं खाली आलं. मी उभी. शेवटी साहेबाने शिक्का मारला, इतक्या जोरात की काचेवरचा पेनस्टँड हलला. भरतभाईचं कार्ड त्याने खणात टाकलं. पोलीस आले नाहीत. ते का आले नाहीत, ते तो, मी आणि हसमुखभाई तिघंही जाणतो.

पैसे आले नाहीत. तो शिक्क्याचा कागद घेऊन मी वर्षभर हिंडले, वरच्या ऑफिसात गेले, दरवेळी नवा साहेब आणि नवी तारीख. हसमुखभाई कडोदऱ्याच्या दुसऱ्या मिलमध्ये लागला. वस्तीतली खोली दुसऱ्याने घेतली. दिवाळीला मिलची खोली सुटली आणि आम्ही तिघी लीलामावशीच्या पडवीत पत्रा टाकून राहिलो.

नवीन कार्ड आलं त्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले. म्हटलं, ज्यांचा ज्यांचा नंबर जयंतीचा आहे त्यांनी उद्याच्या उद्या बदला. धर्मांतराच्या सालाचा नको, पोराच्या जन्माचा नको, कुणी ओळखेल असा कुठलाच नको. आणि कार्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, तो भाऊ म्हणत असला तरी नाही.

एक म्हातारे बाबा तापले. "तुले त्या तारखेनी लाज वाटस का?"

मी म्हटलं, "बाबा, लाज नाही. ती तारीख मिरवणुकीत ओरडून सांगू. पण आपल्याला बघितलं की नंबर कळतो असं कुणी समजत असेल तर तो चुकला पाहिजे. दरवेळी चुकला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मशीनच्या रांगेत बाबा माझ्या मागेच उभे होते.

त्या हिवाळ्यात मी मोठ्या पोरीकडून इंग्रजी अक्षरं शिकले. सगळी नाही. माझ्या नावात जेवढी आहेत तेवढी, आधी तेवढीच.

आता मशीनमधून कार्ड बाहेर आलं की मीच काढते. कुणी "लावो बेन" म्हणत पुढे आला तर हात मागे घ्यायला सांगते, गुजरातीत सांगते, त्याला नीट कळावं म्हणून. मग तिथेच उभं राहून कार्डावरचं नाव वाचते. एकेक अक्षर, तोंडाने. मागची रांग चुकचुकते, कुणीतरी म्हणतं, ए बाई, चल. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझं नाव वाचून झाल्याशिवाय मी मशीनसमोरून हलत नाही.