बेचक्यातला पिसारा

मुखेडच्या बाजारापल्याड शरणप्पाची सॉ मिल. झाडाला दोन फांद्या फुटतात ते बेचकं लोक जळणात टाकतात. शरणप्पाचा जीव मात्र त्यातच अडकलेला. बेचकं बरोबर मधोमध चिरलं की आत मोराचा पिसारा उघडतो, आणि हा गडी भुस्सा फुंकून फुंकून तो बघत बसायचा. त्याच्या फळ्यांची कपाटं नांदेड-लातुरातल्या बड्या घरांत गेली. स्वतःच्या बायकोच्या, सिंधुच्या साड्या मात्र पत्र्याच्या पेटीत. आता याला काय म्हणावं!

एकदा शिसमाचं बेचकं असं निघालं, की गड्यांनी आराच थांबवला. दोन जुळ्या फळ्या, समोरासमोर दोन पिसारे. सिंधु म्हणाली, "ह्या न्हाई विकायच्या. माझ्या कपाटाची दारं व्हतील."

"व्हतील की!" शरणप्पा हरखला.

फळ्यांच्या तोंडांना त्यानं मेण लावलं, मध्ये पट्ट्या घालून त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत रचल्या आणि वर दगड ठेवले. बेचक्याचं लाकूड मोठं तऱ्हेवाईक, सावकाश वाळलं तरच धड राहतं. सिंधु येता-जाता फळीवर बोट वाजवायची. "वाळलं का वो?"

"वल्लं हाय अजून."

पावसाळा सरला आणि तिच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं ते दोघांनी ऐकलं. कळलं फक्त तिला. शरणप्पा वेळेवर गोळ्या द्यायचा आणि होईल बरी म्हणून बिनघोर राहायचा. एक दिवस अंगणातल्या खाटेवरून ती म्हणाली, "फळ्या उन्हात टाकू या का? लवकर वाळत्याल."

शरणप्पा भडकलाच. "डोकं फिरलं का तुझं? पिसारा मधोमध फुटंल! एवढी कसली घाई झाली तुला?"

पुन्हा कधी तिनं फळ्यांचं विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला सिंधु गेली. तिला माती देऊन आल्यावर शरणप्पानं त्या खोलीला कडी घातली ती घातलीच. दिवाळीला लेक सुकन्या माहेरी आली, तिनं झाडायला म्हणून खोली उघडली. शरणप्पा मागोमाग आत गेला आणि सवयीनं त्यानं फळीवर बोट वाजवलं. फळी खणखणली. वाळली होती.

दोन्ही फळ्या दाराशी आणून त्यानं तडा शोधला. उजेडात धरून बघितलं, बोटं फिरवली, नख घालून बघितलं. एक तडा सापडावा म्हणून तो जिवाच्या आकांतानं शोधत होता. केसाएवढासुद्धा नव्हता. जन्मात इतकं निर्दोष लाकूड त्याच्या हातून निघालं नव्हतं, आणि ते बघून तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

"अण्णा, आता दारं करा की," सुकन्या म्हणाली.

त्यानं एकेक फळी उचलून अंगणात नेली आणि जिथं सिंधुची खाट होती तिथं, भर उन्हात आडवी ठेवली.

"टाकल्या बघ गं उन्हात, सिंधु," तो म्हणाला.

ऊन उतरेपर्यंत तो शेजारी बसून राहिला. वाळलेल्या फळ्यांना त्या उन्हानं काहीच झालं नाही.