सगुणाबाईंचे उललेले हात

माझ्या सासूबाई सगुणा मनोरीच्या कोळीवाड्यात मासळी विकतात. भावावरून त्यांच्याशी वाद घालून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. पण या थंडीत मला लेक झाली आणि बाईंचं काहीतरी बिनसलं. आमच्यात बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचा मान आजीचा. बाईंनी मात्र परस्पर शेजारच्या शकुमावशीला बोलावलं आणि स्वतः दारातूनच बघत राहिल्या. नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

मी वेसाव्याची, राग कायम नाकावर. मुलगी झाली म्हणून म्हातारीने तोंड फिरवलं, असं मी धरून चालले. नवरा प्रज्योत बोटीवर होता, त्यामुळे राग काढायलाही कुणी नव्हतं. मग हळूहळू दिसायला लागलं की बाईंनी आपलं ताट-तांब्या वेगळा ठेवलाय. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्या कोपऱ्यात बसून जेवतात आणि हात सारखे पदराखाली लपवतात.

एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग मोरीपाशी गेले. त्या तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या. मग कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन हात घासायला लागल्या, जळलेलं पातेलं घासावं तसे. कातडी पांढरी पडून पापुद्रे सुटले होते, पेरापेरावर हात उलले होते आणि भेगांतून रक्त येत होतं. दुखत नाही का, असं मी विचारलं. मासळीच्या बर्फातून काढल्यावर बोटांना काही कळतच नाही, असं त्या खाली बघत म्हणाल्या. मग हळूच बोलल्या, "जवल येऊ नको, कल्पिता. ही रगतपिती हाय. पोरीला लागंल."

रगतपिती म्हणजे महारोग. खोटं कशाला बोलू, मी मागे सरले. आत धावत गेले, झोपलेल्या लेकीचं दुपटं सोडलं आणि तिचं अंग न अंग तपासलं. ती थंडीने रडायला लागली, तरी माझे हात थांबेनात. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली, पण भीती काही गेली नाही.

बाहेरूनच त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी मासळी विकणाऱ्या शेवंती आत्याचे हात असेच झाले होते. घरच्यांनी तिला खाडीकडच्या झोपडीत नेऊन टाकलं. जेवण लांबूनच ठेवायचे. आता आपलीही तीच गत होणार, फक्त प्रज्योत परत येईपर्यंत कुणाला बोलू नको, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी बाळाला शकुमावशीकडे दिलं आणि बाईंना जवळजवळ ओढतच बोटीत बसवलं. खाडीपलीकडे मार्व्याला उतरेपर्यंत त्या पार टोकाला, सगळ्यांपासून लांब बसल्या होत्या.

मालाडच्या डॉक्टर रेवतीबाईंनी आधी बाईंना कोमट पाण्यात हात धरायला लावले. मग डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात एकेका बोटाला लावली. त्या आजारात बोटं बधिर होतात, म्हणून स्पर्श कळला की कुठल्या बोटाला ते सांगायचं होतं. पहिल्या बोटाला बाई गप्प राहिल्या. मी खुर्चीची कड घट्ट धरली. मग त्या पुटपुटल्या, "करंगळी." म्हणजे घाबरून पहिल्यांदा आवाजच फुटला नव्हता. पुढचं प्रत्येक बोट त्यांनी बरोबर सांगितलं.

हात वर्षभर असेच असतात का, असं डॉक्टरांनी विचारलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की भरून येतात, नारळी पुनवेनंतर बिघडतात आणि थंडीत उलतात, पण यंदाइतके कधीच नाही, असं बाईंनी सांगितलं. रगतपिती मासेमारीची बंदी बघून सुट्टी घेत नाही, असं म्हणून डॉक्टर हसल्या. ही कोरडी पडलेली कातडी होती. बर्फ, खारं पाणी, थंडीतलं कोरडं वारं, आणि त्यावर तुरटी. कोलंबी सोलून हात हुळहुळे होऊ नयेत म्हणून आमच्याकडच्या बायका तुरटीत हात बुडवतात. बाई तर भीतीपोटी दिवसभर तेच करत होत्या. आता तुरटी आणि कपड्यांचा साबण बंद. हात कोमट पाण्याने धुवायचे आणि ओलसर असतानाच मलम चोपडायचं. कामाला बसताना आत सुती मोजे आणि वरून रबरी. आणि तो आजार असता, तरी गोळ्यांनी बरा होतो, कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही, हे डॉक्टरांनी बाईंकडे बघून मुद्दाम सांगितलं.

मला हायसं वाटलं. परतीच्या बोटीची वाट बघताना मी मलमाची डबी उघडली आणि बाईंच्या हाताला स्वतः मलम लावायला लागले. आता त्या हसतील, निदान नातीचं नाव काढतील, असं मला वाटत होतं. त्या खाडीपलीकडे बघत होत्या.

"झोपडीत टाकल्यावर आत्याचे हात बरे झालेले," त्या म्हणाल्या. "काम सुटलं ना तिचं. रोज हात वर करून दाखवायची आमाला, लांबून."

"मग घरी आणलं तिला?"

"नाय. आमाला भ्या वाटायचं."