सड्यावरच्या एक्सचेंजचं अर्थिंग

काटा आकड्यांच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला आणि परत यायचं नाव घेईना. वाघमारे साहेबांनी मेगरला, म्हणजे त्या मोजणीच्या यंत्राला, दोन टपल्या मारल्या. मग माझ्याकडे पाहिलं, जसा काही तो काटा मीच धरून ठेवला होता.

मी तेव्हा टेलिफोन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते आणि वाघमारे साहेब माझे वरिष्ठ. ऑफिस रत्नागिरीला, पण माझ्याकडची बरीचशी एक्सचेंजेस संगमेश्वरच्या बाजूच्या गावांत. त्यातलं हे एक सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळाच्या माळावर बांधलेलं. जागा फुकट मिळाली होती. ती का मिळाली हे विजांच्या पहिल्याच मोसमात कळलं. दर वर्षी वळवाची वीज कडाडली की एक्सचेंजमधली सर्किटची कार्ड्स जळायची आणि गाव मुकं व्हायचं. मोबाइल अजून आमच्या डोंगरांत पोचला नव्हता. गावातले पुरुष मुंबईला, त्यामुळे आजारपण असो की बाळंतपण, निरोप जायचा तो याच तारेवरून. आदल्या वर्षी तर अर्धा पावसाळा फोन बंद होते. सरपंचांनी फार शांतपणे सांगितलं होतं, की या वर्षीही तसंच झालं तर ती इमारत त्यांना गोठ्याला चालेल.

यावर उपाय म्हणजे अर्थिंग. विजेचा लोट तारेतून आत आला, तर यंत्राला धक्का न लावता त्याला जमिनीत जाऊ द्यायचं. त्यासाठी खड्ड्यात धातूचा पाइप पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात. वीज तिथून किती सहज जाईल ते मेगर सांगतो. काटा जितका खाली, तितकं बरं. पण त्यासाठी जमीन ओली लागते, आणि जांभ्याला सगळीकडे भोकं. पाणी ओतलं की खाली पळतं. मीठही पहिल्या पावसात त्याच वाटेने जातं. मेगरच्या सळ्या ठोकायला गेलो तर त्यासुद्धा वाकल्या.

"ह्याच्यावर नवीन रिसर्च झालाय," साहेब म्हणाले. "मी माणूस बोलावलाय."

माणूस म्हणजे डॉ. कुलकर्णी. पुण्याच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. सोबत राखाडी पावडरीच्या गोणी आणि स्वतःचा छापून आलेला पेपर. ही पावडर पाणी पिऊन फुगते, पाइपला चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते, असा त्यांचा शोध होता. आम्ही खड्डा खणला. पावडर फुगायच्या आत पाणी जांभ्यातून पसार झालं. दोन दिवसांनी खड्ड्यात पाहिलं तर पावडरीला मेच्या उन्हात सुकल्या तळ्यासारख्या भेगा.

मला वाटलं डॉक्टर खचतील. ते तर भलतेच खूश झाले. पेपरातले सगळे प्रयोग काळ्या मातीत केले होते, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि जांभ्यावर आता दुसरा पेपर लिहिता येईल म्हणून भेगांचे फोटो काढायला लागले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

फोटो काढता काढता डॉक्टरांना सड्याच्या उताराखाली हिरवं दिसलं. तिथे परांजपे बाईंची वाडी होती आणि वाडीत बारमाही विहीर. तांब्याची पट्टी उतारावरून सरळ नेऊन विहिरीच्या काठाशी पुरायची, असं ठरलं. म्हणजे आम्ही तिघांनी ठरवलं. बाईंना विचारायचं काम माझ्याकडे आलं.

बाई हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आम्हाला ओटीवर बसवून कोकम सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. साहेबांना वाटलं, बाईंना काहीतरी हवं असणार. त्यांनी लगेच घरी फोन देऊ केला.

"माझा अर्ज तुमच्याकडे पडून आहे, तो नंबराने येईल तेव्हा येईल," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, तुमची वीज विहिरीपाशी उतरेल तेव्हा माझी सून तिथे ओल्या पायांनी पाणी शेंदत असली तर?"

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खिशातून कागद काढून आकडेमोड सुरू केली. ती संपेपर्यंत आमचं सरबत संपलं.

"बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले.

वीज जमिनीत शिरते तिथून चहूकडे पसरते. जवळ उभ्या माणसाच्या दोन पायांतल्या अंतरातही धक्का बसू शकतो. बाहेर येऊन साहेब मला म्हणाले, "मॅडम, कसंही करून पटवा त्यांना." मी म्हटलं, पटवू कशी, मलाच त्यांचं पटलंय.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच मला हाक मारली. "अगो, विहीरच कशाला हवी तुम्हाला? ओल हवी ना?" त्यांनी वाडीच्या टोकाचं, व्हाळाकाठचं, म्हणजे ओढ्याकाठचं, भाताचं खाचर दाखवलं. घरापासून दूर, खाली चिकण माती. व्हाळ आटला होता, पण हातभर खणल्यावर माती बोटांना चिकटायला लागली. गडगडत असताना तिकडे कोणी फिरकत नाही, असंही त्या म्हणाल्या. भोवती कुंपण आणि पाटी हवी, एवढीच अट घातली. तांब्याची पट्टी तिथवर नेऊन पाइप पुरला. डॉक्टरांची पावडर त्या खड्ड्यात अशी काही फुगली, की ते तिच्याकडे बारशाला आलेल्या आत्यासारखे बघत बसले. सड्यावरचे खड्डेही पट्टीने जोडून घेतले. काटा खाली आला. साहेबांनी स्वतः हँडल फिरवून खात्री केली.

वळीव आला तो भर दुपारी. मी एक्सचेंजमध्येच होते. बाहेर लख्ख झालं, त्याच क्षणी आवाज झाला आणि मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले. सगळं शिकलेलं असूनही. जरा वेळाने डोळे उघडून पाहिलं, तर कार्ड्सवरचे दिवे शहाण्यासारखे लुकलुकत होते. गावातल्या एका बाईचा मुंबईला चाललेला कॉलसुद्धा तुटला नव्हता.

साहेबांना ही बातमी ताबडतोब द्यायची म्हणून मी रत्नागिरीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. शेवटी संध्याकाळच्या एसटीने ऑफिस गाठलं. साहेब टेबलावर मेणबत्ती लावून बसले होते. तेच वादळ तिकडेही गेलं होतं आणि आमच्या स्वतःच्या ऑफिसमधल्या छोट्या एक्सचेंजची सगळी कार्ड्स जळाली होती.

"सड्यावर काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, सर."

त्यांनी मेणबत्ती जरा जवळ ओढली. मग म्हणाले, "आपल्या इथलं अर्थिंग शेवटचं कधी मोजलं होतं?"

कोणालाच आठवेना. तेव्हापासून कुठल्याही गावाची तक्रार आली, की मी मेगर आधी आमच्याच अंगणात लावत असे. त्यामुळे निघायला उशीर व्हायचा, पण निदान पोचल्याचं ऑफिसला फोनवरून कळवता यायचं.