अंधाऱ्या कोठीतली दोन पुस्तकं

"हे टिटॅनस आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे धनुर्वात."

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. बारामतीच्या दवाखान्यात मी बाकावर बसले होते. तोंड उघडा म्हणाले, तर दातांच्या फटीतून चमच्याचं टोकसुद्धा आत जाईना. सकाळी मिश्री लावताना बोट अडलं, तेव्हा मला वाटलं अक्कलदाढ येतेय. धाकटी जाऊ हसून म्हणाली होती, "बरं झालं, तुमच्या तोंडाला जरा इसावा!"

कारण विचाराल, तर आमच्या सांगवीच्या शेतात ऊस तोडल्यावर राहिलेला बुडखा माझ्या पायात घुसला होता. रक्त थांबावं म्हणून मी पाटातला चिखल थापला. आमच्याकडं सगळेच थापतात. बायांनो, थापू नका. हा रोग त्या मातीतूनच आत शिरतो, आणि जखम भरत आली की डोकं वर काढतो.

या रोग्याला उजेड, आवाज, धक्का, काही म्हणजे काही सोसत नाही. लगेच स्पॅझम येतो, म्हणजे सगळं अंग आवळून ताठ होतं. म्हणून मला मागच्या कोठीत ठेवलं. खिडकीला घोंगडं ठोकलं. रोगाचं विष मारणारं सीरम टोचलं, झोपेचं औषध टोचलं.

झोप कसली बोडक्याची! ग्लानी यायची, पण कान जागे. सगळ्यांना वाटे बाई शुद्धीत नाही. अहो, या रोगात शुद्ध जात नाही, हेच तर वाईट. विहिरीत पडलेलं माणूस ओरडून तरी घेतं. माझ्या अंगाचीच कोठडी झाली होती. बाहेर बादली आपटली की पाठीची कमान व्हायची. तहानेनं जीव जायचा, पण 'पाणी' म्हणता येत नव्हतं. गावात मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, आणि माझी ही गत. फार भ्याले मी.

त्याच कोठीत पुण्याहून आलेलं पुस्तकांचं पार्सल होतं. डॉक्टर माझ्यावर लक्ष ठेवायला बसत आणि कंदिलाला फडकं गुंडाळून वाचत. मी इथं मरतेय आणि या बाबाला अभ्यास सुचतोय! मनात दिलेल्या शिव्या आता सांगत नाही.

मग एका दुपारी ते आमच्या मालकांना हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्यासाठी ही दोन पुस्तकं बघायला मागवलीत. एक ठेवायचं, एक परत करायचं. जाड्यात सगळे रोग आहेत. ते म्हणतं, अंधार ठेवा, सीरम द्या, वाट बघा. लहान आहे ते फक्त जीव धोक्यात असलेल्या रोग्यांचं. ते म्हणतं, श्वास कोंडायच्या आधीच ट्रेकिऑस्टमी करा. म्हणजे गळ्याला खालच्या अंगाला छेद देऊन श्वासाला वाट करायची. घटसर्पाच्या एका मुलाला मी ती केलीय. धनुर्वातात अजून नाही. पण मला हे लहान पुस्तक पटतंय."

"गळा चिरायचा?" मालक हबकले. "आबांना इचारल्याबिगर न्हाय जमायचं."

आबा म्हणजे माझे सासरे. ते वांगी घेऊन निमगाव केतकीच्या बाजाराला गेले होते. काय पेरायचं, पोरगी कुठं द्यायची, सुनेला माहेरी कधी धाडायचं, सगळं आबा ठरवणार. त्यांच्याआधी घरात कुणी 'व्हय' म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. आबांना आणायला माणूस धाडला. डॉक्टरही थांबतो म्हणाले.

चिरा म्हणतेय मी! गळा माझा, आणि वाट आबांची बघताय? असं ओरडत होते, पण सगळं आतल्या आत.

तेवढ्यात दार वाजलं आणि झटका आला. या वेळी गळाच आवळला. डोळे उघडे, मालकांचा चेहरा दिसतोय, ऐकू येतंय, आणि हवा नाही.

डॉक्टर ओरडले, "आता आबा नाहीत आणि कुणी नाही. हो म्हणा!"

मालक रडत म्हणाले, "करा! आबांचं मी बघतो."

पुढचं आठवतं ते एवढंच, की गळ्यातल्या नळीतून हवा आत आली. त्या हवेसारखं गोड मी काही खाल्लेलं नाही. झटके पुढंही बरेच दिवस येत राहिले, पण श्वास अडला नाही.

घरी न्यायला आबा आले. नळी निघाली होती, पण छेद भरायचा होता. बोलायचं तर त्यावरच्या पट्टीवर बोट दाबावं लागे. आबांनी डॉक्टरांना काय द्यावं म्हणून विचारलं. डॉक्टर नको नको म्हणाले, मग ती दोन पुस्तकं पुढं ठेवून म्हणाले, "वाटलं तर यातलं एक पुस्तक तुमच्याकडून दवाखान्याला राहू दे."

आबांनी दोन्ही हातात तोलून बघितली. "ह्ये जाडं ऱ्हाऊ द्या. दिसाया बी बरं. पयल्या पानावर आमचं नाव घाला." देवळाला भांडं दिलं तरी त्यावर नाव घालायची आमची रीत.

मी पदर सावरला, गळ्यावर बोट दाबलं. सासऱ्यांपुढं न विचारता बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

"आबा, त्ये न्हाय. बारकं. आन नावाखाली लिवा, कुणाच्या बी सुनेचा दम कोंडला, तर सासऱ्याची वाट बघू नगा."

मालकांनी मान खाली घातली. आबांनी माझ्या गळ्यावरच्या पट्टीकडं बघितलं. मग त्यांनी जाडं पुस्तक खाली ठेवलं.

"लिवा, डॉक्टर," ते म्हणाले. "ती म्हणती तसंच लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आबांनी त्याच्याखाली अंगठा उठवला.