चाराचे सहा माग

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सुरतच्या आमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माणशी चार मागांचे सहा माग झाले ते माझ्यामुळे.

नव्वदच्या दशकात मी तिथे पॉवरलूम चालवायचो. धोट्यातलं सूत संपलं की दर वेळी नवी कांडी आणायला पेटीपर्यंत जावं लागायचं. मी भरलेल्या कांड्या कमरेच्या पिशवीत ठेवू लागलो. हेलपाटे वाचले आणि पाळीत दोनदा बसून चहा प्यायला मिळू लागला.

खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी विचारलं, "तुला बरा टाइम मिळतो रे?" मी फुशारकीने सगळं करून दाखवलं. महिन्याभरात प्रत्येकाला सहा माग आले.

सुरतेतल्याच नवागामच्या खोलीत माझ्यासोबत गावचे आप्पा राहायचे. त्यांचे गुडघे गेलेले, सहा माग झेपेनात. त्यांना कामावरून काढलं. बोचकं बांधताना ते म्हणाले, "मास्तरले हाई कोनी शिकाडं रे, भाऊ?"

"माले काय माहीत," मी म्हणालो.

हात चलाख असल्याची मला आजही लाज नाही. वाचवलेला वेळ माझा होता, त्यावर खात्याचा काडीचा हक्क नव्हता. कामचोर म्हणायचं तर खुशाल म्हणा. मुलांना मी अशा युक्त्या शिकवतो आणि बजावतो, साहेबाला दाखवायच्या नाहीत.

आप्पा गावीच असतात. त्यांना मी खरं उत्तर देणं लागतो. अजून दिलेलं नाही.