सात आणि एक

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विजेचे विषय शिकवत होतो आणि भाडं परवडतं म्हणून चिंचवडला राहत होतो. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की शेवटच्या वर्षाला गणकयंत्रांची रचना शिकवायची आहे, ती तुम्ही शिकवा. मी गणकयंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पाहिलेला माणूससुद्धा माझ्या ओळखीत नव्हता. परदेशी मासिकांतले तीन-चार लेख तेवढे वाचले होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी त्या विषयातला जाणकार ठरलो आणि मला ते फार आवडलं.

फळ्यावर मी बेरजेचं यंत्र काढायचो. ओळीत चार दिवे, प्रत्येक दिवा म्हणजे एक घर. उजवीकडून त्यांची किंमत एक, दोन, चार, आठ. जे दिवे लागतील त्यांची बेरीज म्हणजे उत्तर. एका घरातून पुढच्या घरात हातचा न्यायला रिले, म्हणजे वीज आली की ओढली जाणारी लोखंडी पट्टी. मग मी ऐटीत सांगायचो, "चारही घरं एकदम बेरीज करतात. म्हणून घरं चार असोत की चाळीस, वेळ एकाच घराचा लागतो."

एक विद्यार्थी उभा राहिला. मी त्याला चांगला ओळखत होतो. चिंचवड स्टेशनाजवळच्या रेल्वे फाटकावर त्याचे वडील गेटमन होते आणि फाटकाशेजारच्या खोलीतच तो वाढला होता.

"सर, पण मागच्या घराचा हातचा आल्याबिगर पुढच्या घराचं उत्तर खरं कसं धरायचं? आमच्याकडं पुढच्या स्टेशनाचा निरोप आल्याशिवाय गाडी सोडत न्हाईत. तसंच हाय की हे."

त्या 'न्हाई'ला आणि 'हाय'ला वर्ग हसला. मला तेवढंच हवं होतं. मी म्हणालो, "वीज म्हणजे काय तुमची पॅसेंजर आहे, स्टेशनास्टेशनावर पाणी प्यायला थांबायला?" वर्ग आणखी हसला. तो खाली बसला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का, असा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, आणि याचीच मला अजून लाज वाटते.

विषय नवा, म्हणून पेपर काढणं आणि तपासणं माझ्याकडेच होतं. मी मुद्दाम तोच प्रश्न घातला: चार घरांच्या बेरजेला किती वेळ लागेल? सगळ्यांनी माझं उत्तर मला परत दिलं. त्याने मात्र लिहिलं की हातचा घराघरातून जात असेल तर वेळ घरांप्रमाणे वाढेल, आणि शेजारी नीट आकृती काढली. मी आकृती पाहिलीसुद्धा नाही. लाल शाईने मोठा भोपळा दिला.

त्याला पहिला वर्ग का हवा होता हे मला ठाऊक होतं. पहिल्या वर्गातल्या एकाला महाविद्यालय प्रयोगशाळेत नोकरीवर ठेवून घेणार होतं, आणि त्याला शिकवायचं होतं. रोज सकाळी फाटक ओलांडताना त्याचे वडील हिरवं निशाण काखेत धरून मला विचारायचे, "मास्तर, पैला वर्ग येईल न्हवं आमच्या पोराला?" मी म्हणायचो, "येईल की."

गुण कळवायला दोन दिवस होते. त्या रविवारी मी घरी जुन्या बाजारातून आणलेले टेलिफोनचे रिले जोडून खरोखरच चार घरांचं यंत्र पुरं केलं. रिले जुने आणि भलते सुस्त होते. एका बाजूला सात लावले, दुसऱ्या बाजूला एक, आणि बटण दाबलं. टक्, टक्, टक्. दिव्यांनी आधी सहा दाखवले, मग चार, मग सगळे विझले आणि शेवटी आठाचा दिवा लागला. मी पुन्हा दाबलं. दहा वेळा दाबलं. प्रत्येक वेळी हातचा घराघरात थांबत, पट्टी ओढत पुढे गेला.

उत्तरपत्रिका त्याच टेबलावर होत्या. एक भोपळा खोडायला किती वेळ लागतो? पण तो खोडायचा तर बाकी सगळ्यांचे पूर्ण गुणही खोडावे लागणार, आणि प्राचार्यांपुढे उभं राहून सांगावं लागणार की मी वर्षभर चुकीचं शिकवलं. पडलो तरी नाक वर, हा माझा स्वभाव. सोमवारी मी गठ्ठा जसाच्या तसा देऊन टाकला. त्या दिवसापासून फाटक टाळून लांबच्या वाटेने स्टेशनवर जाऊ लागलो.

निकाल लागला. त्याचा पहिला वर्ग सहा गुणांनी हुकला. माझा प्रश्न दहा गुणांचा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक पेढे घेऊन माझ्या दारात. वडील धुतलेल्या गणवेशात होते. मुलगा म्हणाला, "पिंपरीच्या कारखान्यात काम मिळालंय सर, शिफ्टमध्ये." बोलता बोलता त्याची नजर टेबलावरच्या यंत्राकडे गेली. त्यावर सात आणि एक लावलेलेच होते. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "दाबू?" नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

टक्, टक्, टक्. त्याने मान तिरकी करून ऐकलं. मग मधल्या रिलेची पट्टी बोटाने अडवून धरली आणि पुन्हा बटण दाबलं. चाराचा दिवा लागून तसाच राहिला. त्याने बोट काढलं, तेव्हा कुठे आठ आले.

इतक्यात त्याचे वडील माझ्यापुढे पेढा धरून म्हणाले, "मास्तर, थोडक्यात ऱ्हायला पैला वर्ग. पोराचं कुठं चुकलं, तेवढं सांगा. मला काय कळत न्हाई त्यातलं, पर बापाच्या जिवाला वाटतं."

मी पेढ्यासाठी हात पुढे केला.

"माझंच चुकलं, आप्पा," मुलगा यंत्राकडे पाहतच म्हणाला. "एक प्रश्न सोपा होता. सरांनी वर्गात शिकवलेला होता."

वडिलांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, आणि होकारार्थी मान हलवली.